मिथेनचा नकाशा आणि भाताच्या खाचराचं जुनं भांडण

मिथेन म्हणजे वातावरण तापवणारा वायू, साचलेल्या पाण्याखाली हवा न पोचलेल्या चिखलात, गुरांच्या पोटात, कचऱ्यात तयार होणारा. तो कुठून किती निघतो याचे नकाशे नंतर आले, आधी भांडण झालं ते देशाच्या एका आकड्यावरून. १९९० च्या आसपास अमेरिकेतून अंदाज आला की भारतातल्या भातशेतीतून वर्षाला ३.७८ कोटी टन मिथेन निघतो. काढला कसा, तर युरोप-अमेरिकेतल्या शेतांची मोजमापं घेतली आणि आपल्या भातक्षेत्राने गुणलं, झालं! मग १९९१ मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी देशभर खाचरांत रोपांवर पारदर्शक पेट्या ठेवल्या, सिरिंजने आतली हवा ओढून लॅबमध्ये तपासली, आणि उत्तर आलं साधारण ४० लाख टन. म्हणजे नऊपट फरक. आपल्याकडचा बराच भात पावसावर, पाणी मधे मधे ओसरतं, मातीत हवा शिरते आणि मिथेन तयार व्हायचा थांबतो. कोकणातल्या शेतकऱ्याला विचारलं असतं तरी पाण्याचं त्याने सांगितलं असतं.

दुसरा गुंता 'मानवनिर्मित' या शब्दाचा. गॅसच्या पाइपची गळती, गायीचा ढेकर आणि भाताचा चिखल, तिघं एकाच खात्यात. पोटासाठीचं आणि चैनीचं उत्सर्जन एका तराजूत नको हा मुद्दाही १९९१ मध्येच मांडला गेला, आणि मला तो आजही पटतो. बरं, तळ्यातला मिथेन नैसर्गिक, पण त्यात गावाचं सांडपाणी सोडलं की कुणाच्या नावावर टाकायचा?

नकाशा करताना पशुगणनेचे आकडे (२०१९ ला देशात ५३ कोटींवर जनावरं) एका जनावरामागे किती मिथेन याच्या ठरावीक आकड्याने गुणून नकाशावरच्या साधारण ११ किमीच्या चौकटींत वाटतात, त्यात जर्सी कुठे न् खिलार कुठे ते पुसलं जातं. २०१७ ला सोडलेला, मिथेन मोजणारा उपग्रह सात किमीपर्यंत बारीक बघतो, पण जून ते सप्टेंबर ढग आडवे, आणि खाचरं भरलेली असतात ती नेमकी तेव्हाच. त्याच वर्षीच्या एका अभ्यासात २०१० ते २०१५ साठी अख्ख्या भारताचा मिथेन वर्षाला २.२ कोटी टन निघाला, म्हणजे एकट्या भातावर लादलेल्या त्या जुन्या आकड्यापेक्षाही कमी.

कचऱ्याचं मात्र उलटं. २०२२ च्या एका अभ्यासात मुंबईतल्या कांजूरमार्गच्या डम्पिंगमधून ताशी ९.८ टन मिथेन उपग्रहाने टिपलेला दिसला, आणि मुंबई, दिल्लीसह चार शहरांचं उत्सर्जन कागदावरच्या नोंदींच्या १.४ ते २.६ पट भरलं. हे कुणी शेतकऱ्याच्या माथी मारू शकत नाही. पण २०३० पर्यंत मिथेन ३० टक्के कमी करायच्या २०२१ च्या जागतिक करारावर भारताने सही केली नाही तेव्हा कारण पुढे आलं ते परत भात आणि गुरांचंच.