दुपारचा उजेड वाईटच?

"दहा वाजले की कॅमेरा बॅगेत," असं बेळगाव-खानापूरकडे नवशिक्यांना सर्रास सांगतात. गोकाकच्या उघड्या कड्यांपुरतं ते बरंचसं खरंही आहे. पण अॅरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनलाही कुणी तोच नियम लावला, की मला राहवत नाही. त्या अरुंद घळीत उन्हाचे झोत तळापर्यंत उतरतात तेच मुळी उन्हाळ्यात, भर दुपारी. बाकी ऊन वरच्या वालुकाश्मावर पडतं, या भिंतीवरून त्या भिंतीवर परावर्तित होत खाली येतं आणि दर वळणाला दगडातल्या लोहाचा तांबडा-केशरी रंग आणखी गडद होतो. तो फिल्टरचा रंग नव्हे! फक्त व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग जुळवणारी कॅमेऱ्याची सेटिंग) डेलाइटवर ठेवा. ऑटोवर कॅमेरा तो केशरी उजेडच पुसायला बघतो.