हॉलिवूडवाल्यांना मॅकार्थीने नाही पकडलं हो! मॅकार्थी आणि 'हुआक'मधला घोळ

अमेरिकेतल्या १९४०-५० च्या दशकांतल्या त्या कम्युनिस्ट शोधण्याच्या काळाचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतंच, "तो मॅकार्थी ना, ज्याने हॉलिवूडच्या लेखकांना जेलमध्ये टाकलं?" मीपण कित्येक वर्षं हेच छातीठोकपणे सांगत होतो. पण त्या हॉलिवूडवाल्यांची चौकशी झाली ऑक्टोबर १९४७ मध्ये, आणि तेव्हा जोसेफ मॅकार्थी सिनेटमध्ये येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं, त्याच्या विस्कॉन्सिन राज्याबाहेर त्याला फारसं कोणी ओळखतही नव्हतं.

मग हे कोणाचं काम? 'हुआक'चं, म्हणजे हाऊस अन-अमेरिकन ॲक्टिव्हिटीज कमिटी, अमेरिकाविरोधी कारवाया शोधणारी समिती. यातला 'हाऊस' शब्द धरून ठेवा, सगळी गाठ तिथेच सुटते. तिकडच्या काँग्रेसची दोन सभागृहं, हाऊस म्हणजे ढोबळमानाने आपली लोकसभा आणि सिनेट राज्यसभेच्या जागी (तिकडे सिनेटची ताकद बरीच जास्त, ते सोडा). मॅकार्थी पडला सिनेटचा माणूस, तो हाऊसच्या कमिटीवर बसणार कसा?

हुआक सुरू झाली १९३८ ला, १९४५ ला कायमची झाली. १९४७ मध्ये तिने हॉलिवूडच्या लोकांना बोलावून "तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात का किंवा कधी होतात का" असं विचारायला सुरुवात केली. दहा जण उत्तरच देईनात, म्हणाले माझे विचार काय आहेत हे विचारायचा तुम्हाला हक्कच नाही. झालं, काँग्रेसचा अवमान म्हणून सहा महिने ते वर्षभराच्या शिक्षा झाल्या. खरा मार मात्र स्टुडिओवाल्यांनी दिला, त्याच नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलात बसून ठरवलं की या दहांना काम द्यायचं नाही, आणि मग ती यादी वाढतच गेली. पटकथाकार डाल्टन ट्रम्बो त्यातलाच, तो टोपणनावाने लिहीत राहिला आणि त्या खोट्या नावाला ऑस्करसुद्धा मिळालं, घ्यायला कोण जाणार! अजून एक गंमत म्हणजे कमिटीचा अध्यक्ष पार्नेल थॉमस नंतर स्वतःच पगाराच्या घोटाळ्यात आत गेला, आणि गेला तो कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्याच तुरुंगात, जिथे पुढे त्या दहांपैकी दोघंही येऊन पोचले.

आता मॅकार्थी. याची सुरुवात ९ फेब्रुवारी १९५० ला, वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंग गावच्या भाषणात. परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट भरलेत, माझ्याकडे यादी आहे, असं तो बोलला. आधी आकडा २०५, मग ५७, पुढे अजून वेगळा. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ना, अगदी तेच. त्याचा रोख सरकारी नोकरांवर होता, सिनेमावर नाही. १९५३ मध्ये सिनेटच्या चौकशी उपसमितीचं अध्यक्षपद मिळालं, मग परदेशातल्या अमेरिकन लायब्ऱ्या, व्हॉइस ऑफ अमेरिका ही सरकारी रेडिओसेवा, आणि शेवटी थेट लष्कराच्याच मागे लागला. तिथेच फसला. १९५४ ची सुनावणी टीव्हीवर लाइव्ह गेली, लोकांनी त्याचा आरडाओरडा घरात बसून पाहिला. डिसेंबरात सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी त्याचा निषेध केला, आणि १९५७ ला तो वारला, वय अवघं ४८.

माझ्या मते हा घोळ व्हायला 'मॅकार्थीझम' (म्हणजे पुराव्याशिवाय कोणालाही कम्युनिस्ट ठरवणं) हा शब्दच कारणीभूत आहे. मार्च १९५० मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये हरब्लॉकने एका व्यंगचित्रात तो वापरला आणि नंतर आधीचं-नंतरचं सगळं त्यातच कोंबलं गेलं. त्यामुळे झालं काय, सगळं पाप एका दारुड्या सिनेटरच्या नावावर चढलं आणि हुआक मागच्या दाराने सटकली. नाटककार आर्थर मिलरला बोलावलं १९५६ मध्ये, म्हणजे मॅकार्थीचा फुगा फुटल्यावर, आणि बोलावलं कोणी, तर हुआकनेच! मॅकार्थी पाच वर्षांत संपला, ही कमिटी मात्र १९६९ ला नाव बदलून १९७५ पर्यंत टिकली.

आणि हो, रशियासाठी हेरगिरी केल्याच्या आरोपातले रोझेनबर्ग नवरा-बायको आणि अणुबॉम्बवाला शास्त्रज्ञ ओपनहायमर यांनापण लोक याच टोपलीत टाकतात. रोझेनबर्गचा निकाल कोर्टाने दिला, ओपनहायमरची सुनावणी अणुऊर्जा आयोगासमोर झाली. तिथे ना मॅकार्थी, ना हुआक.