पेडणेकर पेडण्याचे, मग दिनकर कुठले?

सातवीतली भाची मराठीचा अभ्यास करता करता विचारते, “मामा, पेडणेकर पेडण्याचे, बोरकर बोरीचे, मग आमचे दिनकरकाका खंयचे?”

प्रश्न खुळा नव्हे. कानाला दोन्हीकडे ‘कर’च लागतो. पेडणेकरमधला ‘कर’ गावाच्या नावाला जोडायचा प्रत्यय: तिथला, किंवा पूर्वज तिथले. मास्टर दीनानाथांनी मंगेशीवरून मंगेशकर हे आडनाव घेतलं, ते यातलंच. दिनकरमधला ‘कर’ संस्कृत ‘कृ’ धातूचा, म्हणजे ‘करणारा’. दिवस करतो तो दिनकर, सूर्य. हा उपपद तत्पुरुष समास. त्याचं दुसरं पद त्या अर्थानं एकटं कधी वापरत नाहीत, म्हणून तेही प्रत्ययासारखं भासतं आणि पोरं फसतात.

मी तिला म्हटलं, शेपूट सोड, धड बघ. बोरी, केरी, डिचोली यांना ‘कर’ लावला की ‘ई’ गळते: बोरकर, केरकर, डिचोलकर. म्हापशाचा ‘आ’ बदलून म्हापसेकर, फोंड्याचा फोंडेकर. (बांदोड्याचे मात्र बांदोडकर. आडनावं सगळीच नियमात बसत नाहीत.) प्रत्यय असा आधीच्या शब्दाला चावतो. समासात ‘प्रभा’ शाबूत राहते. प्रभाकरचा ‘प्रभेकर’ झालेला कुणी ऐकलाय? रत्नाकर तर तिसराच: रत्न अधिक आकर, रत्नांची खाण, म्हणजे समुद्र. तिथे ‘कर’ नाहीच.

गोव्यात आणखी एक गुंता. कोकणीत गावाचा प्रत्यय ‘कार’ असा लांबतो: गोंयकार, म्हणजे गोव्याचा माणूस. मराठीत ‘कार’ म्हटलं की चित्रकार, नाटककार आठवतात. त्यामुळे घाटावरच्या पाहुण्याला गोंयकार हा गोवा घडवणारा वाटला तर नवल नाही. त्यावर ‘पण’ चढवून आपण ‘गोंयकारपण’ केलं. प्रत्ययावर प्रत्यय, आणि निवडणूक आली की हाच शब्द सगळ्यांच्या तोंडी.

भाचीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आई मला खोडकर म्हणते, ते खंयचं?”

इथे मी थोडा अडखळलो. अर्थ दिनकरसारखा, खोड्या करणारी. शब्द मात्र अस्सल घरगुती, संस्कृत समासाच्या पंक्तीला बसवायला जीव होत नाही. मी त्याला प्रत्ययातच घालतो. गाव सोडून स्वभावाला लागलेला ‘कर’.