आधी मॅरो मारायचा, मग पिशवीतून परत द्यायचा: स्टेम सेल ट्रान्सप्लांट इथवर कसा आला

ट्रान्सप्लांट करायचाय असं डॉक्टर म्हणाले की घरच्यांच्या डोळ्यासमोर पहिल्यांदा ऑपरेशन थिएटर येतं. प्रत्यक्षात डे झिरोला, म्हणजे पेशी द्यायच्या दिवशी, काय होतं, तर रक्ताच्या पिशवीसारखी एक पिशवी स्टँडला लावतात, छातीतल्या लाइनमधून ती हळूहळू आत जाते आणि संपलं, कापाकापी काही नाही. खरी कसोटी त्याच्या आधीच्या केमोची आणि नंतरच्या दोन-तीन आठवड्यांची असते, रक्तातल्या पेशींचे काउंट शून्याला टेकलेले, तोंड सोललेलं, घोट गिळवत नाही, आणि सगळे रोज सकाळी एकच विचारत असतात की आज काउंट किती. हे सगळं असंच का करतात, आधी माणसाला इतकं खाली का नेतात, भावाबहिणींचीच टेस्ट आधी का, शंभराव्या दिवसाला एवढं महत्त्व का, या प्रत्येक प्रश्नाला इतिहास आहे आणि तो बराचसा फसलेल्या प्रयत्नांचा आहे.

सुरुवात कॅन्सरपासून झालीच नाही, बॉम्बपासून झाली. १९४५ ला हिरोशिमा-नागासाकीत जे लोक स्फोटातून आणि आगीतून वाचले होते त्यातले कितीतरी पुढच्या काही आठवड्यांत गेले, हिरड्यांतून रक्त, अंगावर डाग, ताप, इन्फेक्शन. रेडिएशनने त्यांचा बोन मॅरो, म्हणजे हाडांच्या आतला रक्त तयार करणारा भाग, मेला होता. पुढचं युद्ध अणुबॉम्बचंच होणार अशी भीती तेव्हा सगळीकडे होती, त्यामुळे रेडिएशन लागलेल्या माणसाला वाचवायचं कसं यावर संशोधन जोरात सुरू झालं. १९४९ मध्ये शिकागोच्या लिऑन जेकबसनने दाखवलं की उंदराची प्लीहा शिशाने झाकली आणि मग जीवघेणं रेडिएशन दिलं तरी उंदीर जगतो (उंदराची प्लीहा रक्त तयार करते, आपली मोठेपणी सहसा नाही). १९५१ ला एगॉन लोरेन्झच्या टीमने नुसता मॅरो टोचूनही हेच करून दाखवलं. मग काही वर्षं वाद, की वाचवतं कोण, मॅरोमधलं एखादं रसायन की त्यातल्या पेशी. शेवटी उंदरांच्या नव्या रक्तात डोनर उंदराच्या पेशी सापडल्या आणि १९५६ पर्यंत वाद मिटला. त्या मॅरोमध्ये नेमकी मूळ पेशी असते, स्वतःसारख्या पेशी बनवणारी आणि रक्ताच्या वेगवेगळ्या पेशीही बनवणारी, हे टोरोंटोच्या टिल आणि मॅकुलक यांनी १९६१ पासूनच्या प्रयोगांत दाखवलं, म्हणजे माणसांवर ट्रान्सप्लांट करून झाल्यावर!

आणि जे औषध देऊन मॅरो मारतात तेही युद्धातूनच आलंय. मस्टर्ड गॅस लागलेल्यांच्या पांढऱ्या पेशी कोसळतात हे पहिल्या महायुद्धापासून माहीत होतं, १९४२ ला येलमध्ये त्याच कुळातलं नायट्रोजन मस्टर्ड लिम्फोमाच्या (लिम्फ ग्रंथींच्या कॅन्सरच्या) पेशंटला गुपचूप देऊन पाहिलं गेलं. आज मायलोमाच्या (हा मॅरोमधल्या पेशींचा कॅन्सर) ट्रान्सप्लांटला जे मेलफलान देतात ते, आणि सायक्लोफॉस्फमाइड, दोन्ही याच मस्टर्डची पुढची पिढी. मेलफलान चालू असताना बर्फ चघळायला देतात, कारण थंडीने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोचतं आणि तोंड कमी सोलतं. इतकी साधी गोष्ट, पण ज्यांनी ती केली नाही त्यांना विचारा.

माणसांवर पहिला मोठा प्रयत्न ई. डॉनल थॉमसचा, न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउन या छोट्या गावात. १९५७ ला त्याने सहा पेशंटना मॅरो दिल्याचं छापून आलं. त्यातून दोन गोष्टी कळल्या, एक म्हणजे मॅरो शिरेतून दिला तरी चालतो, पेशी रक्तातून फिरत हाडात आपली जागा आपण शोधतात, म्हणूनच आज पिशवी लावून काम भागतं. दुसरी गोष्ट वाईट होती, सहाही पेशंट गेले. १९५९ मध्ये ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) पेशंटना पूर्ण शरीराला रेडिएशन देऊन त्यांच्या अगदी सारख्या जुळ्या भावंडाचा मॅरो दिला, तो छान रुजला, पण कॅन्सर काही महिन्यांतच परत आला. यातला विरोधाभास तेव्हा कुणाच्या नीट लक्षात आला नाही, की सगळ्यात चांगला जुळणारा डोनर असूनही रोग परत का यावा.

मधेच १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये युगोस्लाव्हियात विंचा इथल्या अणुभट्टीत अपघात झाला, सहा जणांना जबरदस्त रेडिएशन लागलं, त्यांना पॅरिसला नेलं आणि जॉर्ज माते या डॉक्टरने पाच जणांना अनोळखी फ्रेंच माणसांचा मॅरो दिला. त्या पाचांतला एक गेला, बाकीचे वाचले. मॅरोमुळे वाचले की स्वतःचाच मॅरो परत सुरू झाला म्हणून, यावर पुढे बराच खल झाला, कारण दिलेला मॅरो काही टिकला नव्हता. पण मातेला धीर आला. १९६३ मध्ये त्याने ल्युकेमिया झालेल्या एका पेशंटला सहा नातेवाइकांचा मॅरो एकत्र दिला, ज्याचा रुजेल त्याचा रुजेल असा हिशोब. एकाचा रुजला. तो पेशंट २० महिने जगला आणि गेला तेव्हा त्याच्या अंगात ल्युकेमिया नव्हता. मात्र डोनरच्या पेशी त्याच्या शरीरावर उलटल्याचं त्याला आधी भोगावं लागलं होतं, ज्याला आपण आज जीव्हीएचडी म्हणतो ते, कातडी, आतडी, लिव्हर सगळ्यावर हल्ला.

किडनी रिजेक्ट होते तेव्हा शरीर किडनीला नाकारतं. इथे उलटं, आलेला पाहुणाच घरमालकाला नाकारतो, कारण मॅरोसोबत पूर्ण इम्युन सिस्टिमच आलेली असते. साठच्या दशकात याने इतके लोक गेले की बहुतेक सेंटरनी हा नाद सोडून दिला. १९७० मध्ये तोवर छापून आलेल्या सुमारे २०० ट्रान्सप्लांटचा आढावा घेतला गेला आणि त्यातलं जवळजवळ कुणीच वाचलं नव्हतं. हे आकडे आज वाचतानाही बोचतात, कारण ती माणसं प्रयोग म्हणून आलेली नव्हती, दुसरा काही उपायच उरलेला नव्हता म्हणून आली होती.

थॉमस मात्र कुत्र्यांकडे वळला. उंदीर लॅबमध्ये पिढ्यान्‌पिढ्या एकाच गोतातले वाढवलेले असतात, कुत्रे माणसांसारखेच सरमिसळ, त्यामुळे जे कुत्र्यावर चालेल ते माणसावर चालायची आशा जास्त. १९६३ ला तो सिएटलला गेला, तिथे रेनर स्टॉर्ब वगैरे मंडळी जोडली गेली, आणि त्याची बायको डॉटी, जिने कित्येक दशकं लॅब, कागदपत्रं, निधी, सगळं सांभाळलं. कुत्र्यांमध्ये दिसलं की एका पोटची पिल्लं असतील आणि टिश्यू टाइप जुळत असेल आणि वर मेथोट्रेक्सेट हे इम्युनिटी दाबणारं औषध थोडं थोडं दिलं तर ती वर्षानुवर्षं जगतात. माणसाचा टिश्यू टाइप म्हणजे एचएलए, पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, त्यातली पहिली खूण फ्रान्सच्या जाँ दोसेने १९५८ मध्ये शोधली होती, त्याला त्यासाठी १९८० चं नोबेल मिळालं. एचएलए आईकडून एक संच आणि वडिलांकडून एक संच असा येतो, म्हणून सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. भावाबहिणींची टेस्ट आधी करतात ती यामुळे.

१९६८ मध्ये मिनेसोटाच्या रॉबर्ट गुडने जन्मतः इम्युनिटी नसलेल्या एका बाळाला बहिणीचा मॅरो दिला आणि ते बाळ जगलं, मोठं झालं. कॅन्सरमध्ये मात्र अजून वेळ होता. १९७७ ला सिएटलच्या टीमने १०० पेशंटचा रिपोर्ट दिला, सगळे ल्युकेमियाच्या अगदी शेवटच्या टप्प्यातले, केमोचा उपयोग संपलेले. त्यातले १३ दीर्घकाळ वाचले. शंभरात तेरा ऐकायला काहीच नाही, पण आधी तो आकडा जवळपास शून्य होता. त्यातून पुढचा प्रश्न आपोआप आला की शेवटच्या टप्प्याची वाट कशाला बघायची, पहिल्या रेमिशनमध्येच, म्हणजे रोग पहिल्यांदा आटोक्यात आल्यावरच, का करू नये, आणि १९७९ पर्यंत त्याचे निकाल स्पष्टच चांगले दिसायला लागले. आजही तब्येत बरी वाटत असताना, रिपोर्ट नॉर्मल आलेला असताना डॉक्टर ट्रान्सप्लांट का सुचवतात म्हणून घरचे वैतागतात, त्याचं उत्तर या दोन वर्षांत आहे.

मग सायक्लोस्पोरिन हे इम्युनिटी दाबणारं दुसरं औषध आलं, नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीतून सापडलेलं. १९८६ मध्ये ते आणि मेथोट्रेक्सेट एकत्र दिल्यावर जीव्हीएचडी बराच कमी होतो हे सिद्ध झालं. जीव्हीएचडीचा तीव्र प्रकार बहुधा पहिल्या शंभर दिवसांत येतो अशी जुनी विभागणी होती, ती आता तितकी काटेकोर मानत नाहीत, पण डे हंड्रेड चिकटला तो चिकटला.

आता माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात मोठा धडा. सुरुवातीची वीसेक वर्षं समज असा होता की कॅन्सर मारतात रेडिएशन आणि केमो, मॅरो फक्त नंतर सावरायला. इंग्लंडमध्ये हारवेलला बार्न्स आणि लाउटिटने १९५६ लाच उंदरांत पाहिलं होतं की परक्या मॅरोने ल्युकेमिया जातो आणि आपल्याच गोतातल्या मॅरोने तो परत येतो, पण त्यावर फार कुणी थांबलं नाही. १९७९ मध्ये सिएटलने माणसांत दाखवलं की ज्यांना जीव्हीएचडी झाला त्यांच्यात रिलॅप्स, म्हणजे रोग परत येणं, कमी. १९९० ला जगभरच्या आकड्यांवरून हे पक्कं झालं, जुळ्याकडून घेतलेल्यांना रिलॅप्स जास्त, आणि त्याच वर्षी म्युनिकच्या कोल्बने ट्रान्सप्लांटनंतर परत आलेला ल्युकेमिया नुसत्या डोनरच्या लिम्फोसाइट (इम्युन सिस्टिमच्या पांढऱ्या पेशी) देऊन घालवल्याचं छापलं. म्हणजे डोनरच्या पेशी हेच औषध होतं, जुळ्यांचं कोडं असं तीस वर्षांनी सुटलं. त्याच वर्षी थॉमसला नोबेलही मिळालं. एकदा हे कळल्यावर केमोचा मारा कमी करून काम डोनरच्या पेशींवर सोपवायचं असा मिनी ट्रान्सप्लांट नव्वदीच्या शेवटी आला, आणि साठी-सत्तरीच्या पेशंटना दार उघडलं, आधी पन्नाशीपुढे कुणी हात लावत नव्हतं.

स्वतःच्याच पेशी परत घेतात त्या ऑटोलोगसमध्ये हा डोनरवाला फायदा नसतो, तिथे सगळी भिस्त केमोच्या मोठ्या डोसवर आणि पेशी नुसत्या सावरायला. लिम्फोमा आणि मायलोमात याचा उपयोग झाला, मायलोमात साध्या केमोपेक्षा हे सरस हे फ्रान्सच्या १९९६ च्या ट्रायलने दाखवलं. पेशी गोठवून ठेवायला डीएमएसओ लागतं, ते पेशींना गोठताना वाचवतं हे १९५९ चं काम, त्यातला एक जण जेम्स लव्हलॉक, जो पुढे पृथ्वी हाच एक सजीव या कल्पनेसाठी गाजला. पिशवी चढवताना खोलीत लसणासारखा वास सुटतो तो याचाच, आत येणारा प्रत्येक जण नाक मुरडतो. आणि कमरेच्या हाडात सुया घालून मॅरो काढायचं आता बरंच कमी झालंय, मॅरोला जास्त पेशी बनवायला लावणाऱ्या जीसीएसएफची इंजेक्शनं घेतली की स्टेम सेल रक्तात उतरतात आणि मशीनने गोळा होतात, नव्वदीत हे रुळलं.

याच नव्वदीत एक लाजिरवाणं प्रकरणही झालं. जास्त केमो म्हणजे जास्त फायदा या विश्वासावर अमेरिकेत ब्रेस्ट कॅन्सरच्या हजारो बायकांना ऑटोलोगस ट्रान्सप्लांट दिला गेला, नीट ट्रायल व्हायच्या आधीच. विमा कंपन्या पैसे नाकारायला लागल्या की लोक कोर्टात, १९९३ ला कॅलिफोर्नियातल्या ज्युरीने एका केसमध्ये ८.९ कोटी डॉलर द्यायला लावले, मग कंपन्या निमूट पैसे देऊ लागल्या. १९९९ मध्ये ट्रायलचे निकाल आले, फायदा नाही, अपवाद फक्त दक्षिण आफ्रिकेच्या वर्नर बेझवोडाचा. पुढच्या वर्षी त्याची कागदपत्रं तपासायला टीम गेली तर रेकॉर्ड जुळेनात आणि त्याने घोळ केल्याचं कबूल केलं. ही उपचारपद्धती तिथे संपलीच जवळपास. त्यामुळे कुणी म्हणालं की अमक्या कॅन्सरला पण स्टेम सेल देतात, तर ट्रायलमध्ये काय निघालं हे विचारायलाच हवं.

डोनरचं सांगायचं राहिलं. भावंड जुळलं नाही तर काय, यासाठी लंडनमध्ये १९७४ ला अनोळखी डोनरची पहिली रजिस्ट्री (नोंदवही) सुरू झाली, अँथनी नोलन या आजारी मुलाच्या आईने खटपट करून. मुलाला डोनर मिळाला नाही, तो १९७९ ला गेला, रजिस्ट्री अजून चालू आहे. १९८८ मध्ये पॅरिसला एलियान ग्लुकमनने नाळेतल्या रक्ताचा पहिला ट्रान्सप्लांट केला. पण रजिस्ट्रीत युरोपीय वंशाचे लोक जास्त, बाकीच्यांना मॅच मिळणं कठीण, आणि यावर तोडगा निघाला तो जुन्याच औषधातून. जॉन्स हॉपकिन्सच्या टीमने अर्ध्या जुळणाऱ्या डोनरच्या पेशी दिल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड दिलं. परकं शरीर बघून भडकलेले लिम्फोसाइट तेव्हा जोरात वाढत असतात, ते मरतात, स्टेम सेलमध्ये हे औषध निकामी करणारं एन्झाइम असल्याने त्या तगतात. २००८ च्या सुमाराला हे पुढे आलं आणि आता ते पूर्ण जुळणाऱ्या डोनरसोबतही बऱ्याच ठिकाणी देतात. आई-वडील आणि मुलं कायम निम्मे जुळतातच, म्हणून भावंडं जुळली नाहीत तर आता पेशंटच्या मुलामुलींचीही टेस्ट करायला सांगतात.