हळद पाण्यात खाली बसली म्हणून पाकीट परत आणण्याआधी एवढं वाचा

आमच्या गोव्यातल्या गिरणीतून हळद नेणाऱ्यांसाठी हे पान छापलंय, पाकिटासोबत मिळेल आणि व्हॉट्सॲपवर पण पाठवतोय. छापायचं कारण असं की दर थोड्या दिवसांनी कोणीतरी अर्धं वापरलेलं पाकीट घेऊन काउंटरवर येतं आणि म्हणतं, ताई तुमच्या हळदीत भेसळ आहे, सकाळी कोमट पाण्यात घातली तर खाली गाळ बसला. मग हातातलं काम सोडून मी तेच सगळं पुन्हा सांगायचं, मागे मिरची दळायला आलेल्या बायका लायनीत उभ्या, चक्कीच्या आवाजात निम्मं ऐकू जात नाही, आणि शेवटी ते पाकीट बदलून द्या म्हणून वाद. उघडलेलं पाकीट आम्ही बदलून देत नाही, ते आधीच सांगून ठेवते.

तर हळद पाण्यात विरघळत नाही. आमची नाही आणि दुसऱ्या कुणाचीही नाही. हळद म्हणजे उकडून सुकवून दळलेला कंद, त्यात स्टार्च आहे, तंतू आहेत, ते तळाला जाणारच. आणि ज्याच्यासाठी तुम्ही ते पाणी नाक मुरडत पिता ते कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा गुणाचा घटक, ते तर पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, ते तेलातुपात विरघळतं. उलट एफएसएसएआयने (अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) घरच्या घरी करायची जी टेस्ट दिलीय ती हीच आहे, ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकायची आणि बघायचं, चांगली हळद खाली बसताना पाणी फिकट पिवळं करते, वरून रंग घातलेली असेल तर पाणी भडक पिवळं होतं. म्हणजे तुम्ही ज्याला गाळ म्हणता तो बसला म्हणून भेसळ ठरत नाही, बघायचा तो पाण्याचा रंग. सगळ्याच भेसळी या टेस्टने कळत नाहीत, लेड क्रोमेटची खात्री करायची तर लॅबच लागते.

लेड क्रोमेटचा विषय निघालाच आहे तर रंगाचं सांगते. आमची हळद बाजारातल्यापेक्षा मळकट दिसते, ही पण नेहमीची तक्रार. लेड क्रोमेट हा पिवळा रंग आहे, त्यात शिसं असतं, जुनी नाहीतर कीड लागलेली हळकुंडं चकाचक दिसावीत म्हणून काही लोक लावतात, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला फार वाईट. आम्ही हळकुंडं सांगलीहून आणतो (सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय), अख्खी बघून घेतो, पॉलिश जास्त मारलेली घेत नाही आणि इथेच दळतो. म्हणून रंग असा आणि म्हणून किलोमागे चार पैसे जास्त. स्वस्त पावडर विकायची तर ती पण मिळते बाजारात, आम्हाला कुणी अडवलेलं नाही, पण आम्ही ठेवत नाही.

आता मुद्द्याचं. लोक रील बघून सकाळी उपाशीपोटी चमचा चमचा हळद गरम पाण्यातून घेतात, महिनाभर घेतात, पोटात जळजळ झाली की आम्हाला फोन. मी विचारते जेवणात किती घालता, तर म्हणतात जेवणात कमीच, डाग पडतात. हेच उलटं चाललंय. कर्क्युमिन अंगाला मुळात फार कमी लागतं, आतड्यातून थोडंच आत जातं आणि यकृत ते लगेच बाहेर काढतं. ते आत जायला सोबत स्निग्ध पदार्थ पाहिजे आणि मिरी असेल तर आणखी बरं. मिरीचं जे सगळीकडे सांगतात, "वीसपट फायदा" वगैरे, ते बेंगळुरूच्या १९९८ च्या एका अभ्यासातून आलंय, त्यात माणसांना दोन ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन आणि वीस मिलिग्रॅम पिपरिन (मिरीतलं तिखट द्रव्य) दिलं होतं, तेव्हा रक्तात कर्क्युमिन वीसपट मिळालं. वीस मिलिग्रॅम पिपरिन म्हणजे आठ-दहा मिरीदाणे, ते ठीक आहे, पण दोन ग्रॅम कर्क्युमिन साध्या हळदीतून काढायचं तर साठ-सत्तर ग्रॅम हळद लागेल. तेवढी कोण खाणार. तेव्हा स्वयंपाकातल्या हळदीने वीसपट वगैरे काही धरून बसू नका, पण तेल आणि मिरी सोबत असावी एवढं त्यातून घ्या.

आणि हे आपल्याकडे आधीपासूनच आहे. बांगड्याचं हूमण, म्हणजे माशाची आमटी बघा. ओल्या नारळाचं खोबरं, सुकी मिरची, धणे, हळद, चिंच सगळं एकत्र गुळगुळीत वाटायचं, नारळाच्या तेलकट रसात हळद मुरलेलीच असते, वर तिरफळं (मिरीसारखी झणझणीत फळं) ठेचून टाकली की झालं. त्यात चिंचेचं एक आहे, म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न संशोधन संस्थेच्या संशोधकांनी २००७ मध्ये हळद शिजवून बघितली होती, तर साध्या शिजवण्यात २७ ते ५३ टक्के कर्क्युमिन गेलं, सगळ्यात जास्त प्रेशर कुकरमध्ये दहा मिनिटं ठेवल्यावर, आणि चिंच घातली तेव्हा मात्र १२ ते ३० टक्केच गेलं. चिंच आपण चवीसाठी घालतो, पण काम ती असंही करते. (कोकमाचं पण तसंच का असं लगेच विचारतात, त्या अभ्यासात चिंच होती, कोकम नव्हतं.) शागोतीत (कोंबडी-मटणाच्या रश्शात) तर मिरी असतेच आणि खोबरं भाजून घातलेलं, खतखत्यात (मिश्र भाजीत) नारळाचं वाटण, तोंडाकात (कडधान्याच्या रश्शात) पण तेच. म्हणजे ज्याच्या घरी रोज नारळाचं वाटण होतं त्याला सकाळचा हळदीच्या पाण्याचा त्रास करून घ्यायची गरजच नाही.

वरणभाताच्या लोकांसाठी सांगते, डाळीबरोबर कुकरमध्ये हळद घालत असाल तर घाला, बंद करू नका, थोडी कमी होते इतकंच. पण फायदा बघायचा असेल तर निम्मी कुकरमध्ये आणि निम्मी वरून फोडणीत घाला.

फोडणीतच बहुतेकांची खरी चूक होते आणि त्यातूनच "तुमची हळद कडू आहे" ही दुसरी तक्रार येते. तेल धूर येईपर्यंत तापवायचं, मोहरी टाकायची आणि लगेच त्यावर हळद, मग ती दोन सेकंदात काळपट होते आणि जळकी चव आख्ख्या भाजीला लागते. करायचं असं, मोहरी तडतडून थांबू दे, हिंग, कढीपत्ता, मिरची जाऊ दे, मग गॅस अगदी बारीक करा नाहीतर बंदच करा, आणि मग हळद. तेलावर बारीक फेस येतो, रंग गडद पिवळा होतो, कच्चा मातकट वास जातो आणि छान वास येतो, तेवढाच वेळ, मनात पाच मोजा, आणि लगेच कांदा नाहीतर भाजी ओता म्हणजे तेल थंड पडतं. फोडणी जळली असेल तर टाकून परत करा, तेल दोन चमचे जाईल पण भाजी वाचेल. इसवण (सुरमई) किंवा सुंगटं (कोळंबी) तळायची असतील तर मीठ-हळद आधी लावून पंधरा मिनिटं ठेवा, वरून रव्याचा थर आला की आतली हळद जळत नाही.

हळदीचं दूध पिता ते चांगलं, पण टोंड दुधाचं पाणी करून नको. साध्या दुधात पाव चमचा हळद, दोन-तीन मिरीदाणे ठेचून, अर्धा चमचा तूप, आणि मंद गॅसवर पाच मिनिटं उकळू द्या, नुसतं गरम दुधात ढवळलं तर परत तोच गाळ, तीच तक्रार. लहान मुलांना मिरी कमी.

किती घ्यायची, हे पण विचारतात. जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओच्या तज्ज्ञ समितीने कर्क्युमिनची रोजची मर्यादा किलो वजनामागे तीन मिलिग्रॅम ठेवलीय. साठ किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम. साध्या हळदीत साधारण तीन टक्के कर्क्युमिन असतं, म्हणजे सहा ग्रॅम, सपाट दोन छोटे चमचे. आपण चार माणसांच्या भाजीला अर्धा चमचा घालतो, तेव्हा जेवणातून जास्त होण्याची भीती नाही, आणि पाणी-कॅप्सूल-दूध-जेवण सगळं मिळून मात्र होऊ शकते. काही लोक मेघालयची लाकाडोंग मागतात, तिच्यात कर्क्युमिन सात टक्क्यांच्या आसपास, ऑर्डर दिली तर आणून देतो, पण तिची चव-रंग जोरात असतो, नेहमीच्या मापाच्या निम्मीच घाला.

कर्क्युमिनच्या गोळ्या आम्ही ठेवत नाही, कितीही लोकांनी मागितल्या तरी. त्यात हळदीच्या कितीतरी पट अर्क असतो आणि वरून पिपरिन, ऑस्ट्रेलियात २०२३ मध्ये तिथल्या औषध नियामकाने यकृताला इजा झाल्याच्या तक्रारींवरून लोकांना सावधही केलंय. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, पित्ताशयात खडे असतील, किडनी स्टोन झाला असेल (हळदीत ऑक्झलेट बरंच असतं, त्याचेच खडे होतात) किंवा गरोदरपण असेल तर जेवणातली हळद खा, पण चमचाभर जास्तीची घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, दुकानदाराला नको. आमच्या पाकिटावर "अमुक रोगावर गुणकारी" असं छापलेलं नाही, त्याचं कारण हेच. अन्न विकायचा परवाना आहे, औषध विकायचा नाही.

आपल्या गोव्याचं हळदीशी एक नातं आहे ते इथे लिहायला मला आवडतं. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरण्यावर पेटंट दिलं गेलं होतं, मग सीएसआयआर या आपल्या सरकारी विज्ञान संशोधन संस्थेने जुने पुरावे काढून ते आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, जन्म माशेलचा, आपल्याच तालुक्यातलं गाव. अभिमान वाटतो, पण त्यावरून हळदीने सगळं बरं होतं असं नाही हं.

आता लाल रंगाची तक्रार. कपड्यावर हळद सांडली, साबण लावला आणि डाग लालभडक झाला, म्हणून "केमिकल आहे" असा फोन येतो. ढोकळ्यात लाल ठिपके आले म्हणून पण येतो. हळद अल्कलीत लाल होते, साबण, सोडा, चुना, सगळ्याने. पूर्वी कुंकू हळदीला चुना लावूनच करायचे. ढोकळ्यात सोडा नीट न मिसळता गुठळी राहिली की तिथे ठिपका येतो, सोडा थोड्या पाण्यात विरघळवून घाला आणि मग फेटा. कपड्याच्या डागावर लिंबू पिळा, परत पिवळा होतो, मग धुवून कडक उन्हात टाका, दोन-तीन उन्हांत फिका पडतो. उन्हाने कर्क्युमिन जातं.

आणि म्हणूनच काचेच्या बरणीत खिडकीत हळद ठेवू नका. स्टीलचा डबा, घट्ट झाकण, कोरडा चमचा. शिजत्या भांड्यावर डबा धरून हळद टाकतात ना, ती वाफ आत जाते आणि पावसाळ्यात गोळे होतात, मग परत तेच, "पाकीट खराब निघालं." आम्ही शंभर ग्रॅमचं पाकीट मुद्दाम ठेवलंय, मोठं ठेवत नाही. मे महिन्यात पुरुमेताला (पावसाळ्याआधीच्या साठवणीला) वर्षाची हळद भरायची असेल तर अख्खी हळकुंडं घ्या, ती कोरडी राहिली तर वर्ष टिकतात, आणि दोन-दोन महिन्यांची दळून न्या. आमच्याकडून घेतलेल्या हळकुंडांचं दळण फुकट आहे.

घरच्या परसातली हळद दळायला आणत असाल तर पुरेशी सुकलेली आणा. हळकुंड मोडून बघा, कट्ट असा आवाज आला पाहिजे, वाकलं किंवा आत मऊ लागलं तर चक्कीला चिकटतं, जाळी बसते आणि सगळं काढून साफ करायला अर्धा दिवस जातो. जून ते सप्टेंबर बाहेरची हळद दळायला घेत नाही, रागावू नका. आंबेहळद वेगळी आणा, त्यात मिसळू नका, ती भाजीची हळद नव्हे.

पातोळ्यांसाठी हळदीची पानं श्रावणापासून आमच्याकडे मिळतात, परसातलीच, पण थोडीच असतात. नागपंचमीला आणि चवथीला (गणेश चतुर्थीला) हवी असतील तर दोन दिवस आधी सांगून ठेवा, सकाळी काढून ठेवते.