पितळी पुंगळी आणि पावसाळ्यातली पागा

इंदूरपासून साधारण 23 किलोमीटरवर महू. 1818 च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांच्या मुलखात इंग्रजांनी वसवलेली ही छावणी. आज तिथे इन्फंट्री स्कूल आणि आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे, त्यामुळे इंदूरच्या मराठी घरांना नेमबाजी काही परकी नाही. पण उडवलेल्या काडतुसाची पुंगळी पुन्हा भरण्याआधी ती इतकी निगुतीनं का धुतात, का निवडतात, हे क्वचितच सांगितलं जातं.

1857 मधलं एनफिल्ड बंदुकीचं काडतूस कागदी होतं. एकदा फाडलं की संपलं. पितळ आलं आणि पुंगळी पुन्हा वापरता येऊ लागली. 1866 च्या सुमारास प्रायमरच्या, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडातल्या छोट्या टोपीच्या, दोन रचना पुढे आल्या, इंग्रज अधिकारी बॉक्सरची आणि अमेरिकन बर्डनची. बॉक्सर पुंगळीच्या तळाला मधोमध एकच भोक असतं. त्यातून दांडी घालून जुना प्रायमर सहज काढता येतो. बर्डनमध्ये मधल्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक भोकं असतात. तीच दांडी तिथे घातली तर वाकते किंवा मोडते. म्हणून निवडताना पुंगळीच्या तोंडातून टॉर्च मारून तळ बघायचा. पॉइंट टू-टू या छोट्या मापाच्या बंदुकीची रिमफायर पुंगळी तर सरळ बाजूला काढायची. तिचं स्फोटक कडेतच भरलेलं असतं आणि बंदुकीच्या घोड्याच्या घावानं ती कड चेपते.

धुण्याच्या नियमांमागची गोष्ट मात्र आपल्याच देशातली आहे. काडतुसाच्या पितळेत साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असतं. पावसाळ्यात मोहिमा थंडावल्या की इंग्रजी फौजेचा दारूगोळा पागांमध्ये ठेवला जाई, आणि न उडवलेली काडतुसं आपोआप तडकत. याचा उलगडा 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी केला. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया दमट हवेत पितळेवर बसे, तांब्याला खाई, आणि पुंगळी ओढून घडवताना धातूत राहिलेला ताण तिथून तड पाडे. हलकं तापवून तो ताण उतरवणं, हा त्यावरचा उपाय.

म्हणूनच अमोनिया असलेलं पॉलिश पुंगळीला लावू नये. आपल्याकडे पितळेला लिंबू-चिंच लावतात, तशीच सौम्य सायट्रिक आम्लाची धुलाई इथे चालते; नाहीतर अक्रोडाच्या टरफलांच्या भरड्यात पुंगळ्या फिरवून घ्यायच्या. बहुतेक प्रायमरच्या काजळीत शिसं असतं, तेव्हा हे काम स्वयंपाकघरात अजिबात नको. धुतल्यावर बुडाच्या जरा वर चकचकीत कडं दिसलं, तर तिथे पितळ पातळ झालेलं असू शकतं. वाकवलेल्या तारेचं टोक आतून फिरवावं. खाच लागली की ती पुंगळी भंगारात.

भारतात काडतूस बनवायला 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. लष्करी रेंजवरच्या पुंगळ्या मोजून परत जमा होतात. तिथलं भंगार वेचायला कुणीही जाऊ नये. न फुटलेल्या तोफगोळ्यांनी महू परिसरात माणसं दगावली आहेत.