फिलिपिनो नर्स अमेरिकेत कुठल्या वाटेने गेल्या?

अमेरिकेतल्या परिचारिकांच्या 'नॅशनल नर्सेस युनायटेड' या संघटनेने सप्टेंबर २०२० मध्ये करोनाने गेलेल्या नर्सची मोजदाद जाहीर केली. देशातल्या एकूण नर्समध्ये फिलिपिनो जेमतेम ४ टक्के, पण मृत नर्समध्ये जवळजवळ एक तृतीयांश. अतिदक्षता विभागात, थेट रोग्याच्या उशाशी काम करणाऱ्यांत त्यांचा भरणा मोठा, हे एक कारण झालं. पण मुळात एवढ्या फिलिपिनो नर्स अमेरिकेत आल्याच कशा? कॅथरीन सेनिझा चोय यांनी याचं उत्तर २००३ मध्येच 'एम्पायर ऑफ केअर' या पुस्तकात देऊन ठेवलं होतं.

चोय बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 'एथनिक स्टडीज', म्हणजे वांशिक समाजांचा अभ्यास, शिकवतात. जुनी कागदपत्रं चाळण्यासोबतच त्या न्यूयॉर्क आणि मनिलातल्या नर्सशी बोलल्या, त्यांच्या आठवणी टिपल्या. त्यांचा रोख एका रूढ समजुतीवर आहे. १९६५ मध्ये अमेरिकेने इमिग्रेशनचा कायदा बदलला, देशवार कोटा गेला आणि डॉलरच्या ओढीने आशियातली शिकलेली माणसं तिकडे निघाली, ही ती समजूत. आपल्याकडून गेलेल्या डॉक्टर-इंजिनिअरांची गोष्टही आपण बहुधा याच सालापासून सुरू करतो. फिलिपिनो नर्सच्या बाबतीत मात्र १९६५ साली गोष्ट अर्ध्यावर आलेली होती.

ती सुरू होते १८९८ मध्ये. स्पेनशी युद्ध जिंकल्यावर अमेरिकेने २ कोटी डॉलर मोजून फिलिपिन्स बेटं ताब्यात घेतली. तिथल्या लोकांनी त्याच वर्षी जूनमध्ये स्वातंत्र्य जाहीर केलेलं होतं, पण त्यांना विचारतो कोण! 'आम्ही आक्रमक म्हणून नव्हे, मित्र म्हणून येत आहोत,' असा जाहीरनामा राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांनी काढला आणि दीड-दोन महिन्यांत युद्ध पेटलं. बंदुकीच्या मागोमाग शाळा आल्या, इंग्रजी आली, दवाखाने आले. इलोइलोच्या मिशन हॉस्पिटलमध्ये १९०६ साली नर्सिंगची शाळा निघाली आणि पाठोपाठ मनिलातही शिक्षण सुरू झालं. घरंदाज मुलीने परक्या पुरुषाचं अंग पुसायचं, हे आईबापांच्या पचनी पडायला वेळ लागला. पण हळूहळू तोच प्रतिष्ठेचा पेशा झाला. अभ्यासक्रम अमेरिकी वळणाचा आणि भाषा इंग्रजी. निवडक मुलींना पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेत पाठवायची प्रथाही तेव्हाचीच. त्या परतल्या की मोठ्या हुद्द्यावर बसत. अमेरिकेला जाऊन आलेली ती खरी शिकलेली, हे समीकरण तिथे रुजलं. मला हा भाग पुस्तकातला सगळ्यात कळीचा वाटतो, कारण पुढे जे झालं त्याची बी-बियाणं इथे पेरली गेली.

१९४६ मध्ये देश स्वतंत्र झाला, पण वाट मोडली नाही. १९४८ मध्ये अमेरिकेने 'एक्स्चेंज व्हिजिटर प्रोग्रॅम' काढला. परदेशी लोकांनी दोन वर्षं यावं, शिकावं, अमेरिकेबद्दल चांगलं मत घेऊन परत जावं, हा शीतयुद्धाच्या काळातला बेत. १९५६ ते १९६९ या काळात ११ हजारांहून अधिक फिलिपिनो नर्स यातून गेल्या. नाव देवाणघेवाणीचं. प्रत्यक्षात नर्सच्या तुटवड्याने बेजार झालेल्या कित्येक हॉस्पिटलांनी त्यांच्यावर पूर्ण ड्यूटी टाकली आणि हातावर विद्यावेतन टेकवलं. प्रवासी कंपन्यांनीही हात धुऊन घेतले. 'आधी उडा, पैसे नंतर द्या' अशा त्यांच्या जाहिराती असत. म्हणजे मुलगी विमानात बसायची तीच डोक्यावर कर्ज घेऊन. १९६५ चा कायदा आला तेव्हा इंग्रजी बोलणाऱ्या, अमेरिकी पद्धतीने शिकलेल्या, तिथल्या वॉर्डांची सवय असलेल्या नर्स तयारच होत्या.

तिथे पोचल्यावर काय वाट्याला आलं, हे दोन खटल्यांतून दिसतं. १४ जुलै १९६६ च्या पहाटेपर्यंत शिकागोतल्या एका घरात रिचर्ड स्पेक नावाच्या माणसाने आठ तरुणींचा खून केला. सगळ्या नर्सिंगच्या पेशातल्या, त्यांतल्या दोघी एक्स्चेंजवर आलेल्या फिलिपिनो. तिसरी फिलिपिनो, कोराझोन आमुराव, पलंगाखाली सरकून बसली म्हणून वाचली. पुढे खटल्यात साक्षीच्या पिंजऱ्यातून उतरून ती थेट स्पेकसमोर गेली आणि बोट दाखवून म्हणाली, हाच तो.

दुसरा खटला उलटा. १९७५ च्या उन्हाळ्यात मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात रोग्यांचे श्वास अचानक थांबू लागले, काही दगावले. संशय दोन फिलिपिनो नर्सवर गेला: फिलिपिना नार्सिसो आणि लिओनोरा पेरेझ. (एकीचं नावच फिलिपिना!) विष दिल्याच्या आरोपावरून १९७७ मध्ये ज्यूरीने त्यांना दोषी ठरवलं, तेही परिस्थितिजन्य पुराव्यावर. मग न्यायाधीशांनी खटला नव्याने चालवायचा आदेश दिला आणि १९७८ मध्ये सरकारने आरोपच मागे घेतले. अमेरिकाभरच्या फिलिपिनो लोकांनी त्यांच्यासाठी वर्गणी काढली, मोर्चे काढले. हॉस्पिटलला नर्स हवी असते, पण काही बिनसलं की पहिलं बोट बाहेरून आलेल्या बाईकडे वळतं. अशा वेळी तिचं परकेपण किती चटकन आठवतं, ते या खटल्यात दिसलं.

इकडे मनिलात राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला होता. नर्स बाहेर जातात म्हणून हळहळणारे होते, पण मार्कोस यांनी १९७३ मध्ये नर्सच्याच सभेत स्वच्छ सांगितलं की ही बाजारपेठ आहे, तिचा फायदा घेऊ. हजार मागितल्या तर आणखी हजार तयार करू. पुढच्याच वर्षी आलेल्या कामगार संहितेने माणसं बाहेर पाठवणं हे सरकारी धोरण झालं. मार्कोस यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या कोराझोन आक्विनो यांनी १९८८ मध्ये परदेशी कामगारांना 'बागोंग बायानी', म्हणजे नवे वीर, म्हटलं. वीर म्हणायला पैसे पडत नाहीत, आणि घरी येणाऱ्या डॉलरवर तर देश चालतो.

करोनात मनिलाने आधी नर्सना बाहेर जायला बंदी घातली, मग वर्षाला ५ हजारांची मर्यादा. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या कामगार खात्याने ब्रिटन आणि जर्मनीपुढे प्रस्ताव ठेवला: लस द्या, आम्ही मर्यादा उठवतो. ब्रिटनने नकार दिला.